पिशवीतले रक्त ‘तपासलेले’ असते म्हणजे काय?



या तिमाहीचा आरोग्य पाठ रक्ताच्या तपासणीवर आहे. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो, त्या सुमारास पुष्कळ मंडळ्यांत शिबिरे होतात. आपल्याकडेही झाले. पण हा शिबिराचा अहवाल नाही. एका आईने मला वॉर्डात एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही; आणि एका तरुणाच्या बाबतीत माझ्याकडून मोठी चूक झाली. दोन्ही गोष्टी याच विषयाच्या आहेत. महिला मंडळात किंवा तरुण संघात हा पाठ वाचायचा असेल तर दोन बैठका ठेवाव्यात. एका बैठकीत उरकायला गेलात तर शेवटचा भाग राहून जाईल, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आईचा प्रश्न

मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेलचा. अक्राणीच्या बाजूच्या पाड्यावरून रात्री जीपने चांदसैली घाट उतरून आणलेला. पावसाळ्यात त्या घाटात दरड कोसळली की रस्ताच बंद होतो, त्या रात्री नशिबाने तो चालू होता. मुलाचे हिमोग्लोबिन फार खाली गेले होते. सकाळी पिशवी लावली. आई खाटेच्या कडेला बसून नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे पाहत होती. ती म्हणाली, “ताई, हे रगत कोणाचं हाय? त्याला काही रोग असंल तर माझ्या पोराला नाही का लागणार? माझा भाऊ बाहेर बसलाय, त्याचं का नाही लावत? घरचं रगत चांगलं.”

मी म्हटले, “डॉक्टर बघूनच लावतात, काळजी करू नका.” ती गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. या मुलाला आतापर्यंत अनेकदा रक्त लागले आहे आणि पुढेही लागणार आहे. पाय मोडला म्हणून आयुष्यात एकदा रक्त घेणारा माणूस वेगळा आणि हा मुलगा वेगळा. दरवेळी अनोळखी माणसाचे रक्त त्याच्या अंगात जाते. आपल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजात सिकलसेल बराच आढळतो. त्यामुळे रक्त सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त जवळचा आहे.

काय तपासतात

आपल्या देशात दात्याने दिलेल्या प्रत्येक पिशवीवर पाच आजारांची तपासणी कायद्याने सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (म्हणजे गरमी) आणि मलेरिया. यांतले पहिले तीन विषाणूंचे आजार आहेत आणि हा पाठ मुख्यतः त्यांच्यावर आहे. बी आणि सी या काविळीच्या जाती, पण दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीपेक्षा वेगळ्या. त्या रक्तातून लागतात, वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करतात आणि माणूस तोंडाने धडधाकट दिसतो. म्हणूनच दात्याकडे नुसते पाहून काही कळत नाही. “पोरगा पहिलवानासारखा आहे, त्याला काय झालंय?” हे वाक्य मी दर शिबिरात ऐकते.

दात्याचे रक्त घेताना पिशवीबरोबर दोन-तीन छोट्या नळ्याही भरतात. पिशवीवर आणि नळ्यांवर एकच क्रमांक असतो. पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये जाते, तिथून ती कोणालाही देत नाहीत. नळ्या प्रयोगशाळेत जातात. सगळे निकाल ठीक आले तरच पिशवीवर पक्के लेबल लागते आणि ती दुसऱ्या फ्रिजमध्ये, म्हणजे देण्याच्या रक्तात, ठेवली जाते. एक जरी चाचणी बिघडली तरी पूर्ण पिशवी नष्ट करतात. हे कडक वाटते, पण एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढून तीन रुग्णांना देतात. पिशवी खराब निघाली तर तिघांना धोका.

चाचणी चालते कशी? बहुतेक रक्तपेढ्यांत एलायझा नावाची चाचणी वापरतात. ९६ खळगे असलेली एक प्लास्टिकची ताटली असते. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूचा एक तुकडा चिकटवलेला असतो. त्यात दात्याच्या रक्तातला पातळ भाग टाकतात. दात्याच्या शरीराने त्या विषाणूशी कधी झुंज दिली असेल तर त्याच्या रक्तात प्रतिपिंडे असतात आणि ती त्या तुकड्याला जाऊन चिकटतात. मग ताटली धुतात. गवतातून चालून आल्यावर लुगड्याच्या काठाला कुसळे लागतात आणि झटकली तरी निघत नाहीत, तशी चिकटलेली प्रतिपिंडे धुऊन जात नाहीत. त्यानंतर रंग आणणारे द्रव्य टाकतात. जिथे काही चिकटलेले आहे तिथे रंग येतो, आणि यंत्र तो मोजते. हिपॅटायटिस बीसाठी हेच उलटे करतात: तळाला प्रतिपिंडे असतात आणि विषाणूचे बाहेरचे आवरण रक्तात असले तर ती त्याला पकडतात.

या सगळ्याला काही तास जातात. रक्त काढायला दहा मिनिटे पुरतात, तपासायला पुरत नाहीत. म्हणून घाट उतरून आलेल्या मुलाला वाचवणारे रक्त त्याच सकाळी काढलेले नसते. ते कोणीतरी आठ-पंधरा दिवस आधी देऊन ठेवलेले असते. मामा बाहेर बसला होता तरी त्याचे रक्त त्या घडीला उपयोगाचे नव्हते, ते यामुळे.

घरचे रक्त

मामाबद्दल आणखी बोलायला हवे. घरचे रक्त चांगले, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. पण नाते पाहून विषाणू लांब राहत नाहीत. उलट, पैसे न घेता आपखुशीने आणि नियमित रक्त देणारा अनोळखी दाता जास्त सुरक्षित समजतात. कारण सरळ आहे. खाटेवर भाचा पडलेला, बहीण रडते आहे, सगळे नातेवाईक बघत आहेत, अशा वेळी दात्याच्या फॉर्मवर “गेल्या वर्षी कावीळ झाली होती का?” असे विचारले तर मामा काय सांगेल? खरे सांगितले तर माघार घेतल्यासारखे होते. अनोळखी दात्यावर असा दबाव नसतो, त्याला नाही म्हणायला मोकळीक असते. शिवाय आई, बाप, सख्खा भाऊ यांचे रक्त आणखी एका कारणाने टाळतात: जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरात टिकून राहतात आणि त्याच्यावरच उलटतात. हे फार विरळा घडते, पण घडले तर जिवावर बेतते.

पैसे घेऊन रक्त विकणारे तर सर्वांत धोक्याचे. एके काळी आपल्या देशात रक्ताचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येत असे. गरजेपोटी माणूस महिन्यात चार-चार वेळा रक्त विकायचा आणि आजार लपवायचा. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली. आजही शहरात कोणी “दोन हजार द्या, डोनर आणून देतो” म्हणाला तर ते बेकायदा आहे हे आपल्या लोकांना सांगून ठेवा. सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त विनामूल्य मिळते. सिकलसेलचे कार्ड घरी पेटीत ठेवू नका, बरोबर न्या.

एका आदिवासी माणसाचे रक्त

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. बारूख ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ जगभरच्या लोकांच्या रक्तातले फरक अभ्यासत होते. काविळीशी त्यांचा तेव्हा संबंध नव्हता. त्यांच्याकडे हिमोफिलियाच्या एका रुग्णाचे रक्त होते. त्याला आयुष्यभर अनेक लोकांचे रक्त घ्यावे लागले होते, त्यामुळे त्याच्या शरीरात तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडे तयार झाली होती. हे रक्त आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचे रक्त शेजारी ठेवले तेव्हा दोहोंच्या मध्ये एक रेघ उमटली. काहीतरी काहीतरीला भेटले होते. १९६५ साली त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव दिले. पुढे कळले की ते हिपॅटायटिस बी विषाणूचे बाहेरचे आवरण आहे. त्यावरून रक्त तपासण्याची पद्धत निघाली, लसही निघाली, आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले.

आज प्रत्येक रक्तपेढीत जी हिपॅटायटिस बीची चाचणी होते ती तेच आवरण शोधते. म्हणजे त्या वॉर्डातल्या पिशवीमागे दूरच्या देशातला एक आदिवासी आणि आमच्या मुलासारखाच वारंवार रक्त घेणारा एक रुग्ण, असे दोघे उभे आहेत. पारितोषिकाच्या यादीत त्यांची नावे नाहीत.

बीची चाचणी आली तरी रक्त घेतलेल्या लोकांना कावीळ होतच राहिली. हार्वी ऑल्टर यांनी दाखवून दिले की तिचे कारण ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही. कित्येक वर्षे त्या आजाराला नावच नव्हते. शेवटी १९८९ साली मायकल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला, आणि लगेच त्याची चाचणीही आली. ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल मिळाले. एचआयव्हीची चाचणी त्याआधी, १९८५ साली अमेरिकेत सुरू झाली होती. आपल्या देशात पहिले एचआयव्हीबाधित १९८६ साली चेन्नईत आढळले आणि १९८९ पासून रक्तपेढ्यांना ही चाचणी सक्तीची झाली.

चाचणीला न दिसणारे दिवस

आता अवघड भाग. आईने विचारले होते, “लागणार नाही का?” याचे प्रामाणिक उत्तर “धोका फार कमी आहे, पण शून्य नाही” असे आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. तेवढे दिवस रक्तात विषाणू असतो, पण चाचणीला तो दिसत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत एचआयव्हीसाठी हा काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो, हिपॅटायटिस बीच्या आवरणासाठी महिना-दीड महिन्याचा आणि सीसाठी दोन महिन्यांच्या आसपास. नवीन पद्धतीच्या चाचण्यांनी तो कमी झाला आहे. ‘नॅट’ नावाची एक चाचणी प्रतिपिंडांची वाट न पाहता थेट विषाणूचे जनुकद्रव्यच शोधते, त्यामुळे हे दिवस पुष्कळ घटतात. ती महाग आहे आणि आपल्या देशात सक्तीची नाही. मोठ्या शहरांतल्या काही रक्तपेढ्या ती करतात.

मग उरलेल्या दिवसांत रुग्णाला वाचवते कोण? दात्याचा खरेपणा. शिबिरात फॉर्म भरताना जे प्रश्न विचारतात ते त्यासाठीच असतात. मी शिबिरांत पाहते, आपली मुले सगळ्या रकान्यांत ‘नाही, नाही, नाही’ लिहून मोकळी होतात. एकजण लिहितो आणि बाकीचे त्याचे बघून उतरवतात, शाळेतल्या पेपरासारखे! प्रश्न मोठ्याने वाचून, पावरीत किंवा भिलीत समजावून मग उत्तर घ्यायला हवे.

त्यातला एक प्रश्न गोंदणाचा आहे. अंगावर गोंदले असेल किंवा कान-नाक टोचले असेल तर वर्षभर रक्त देता येत नाही. आपल्या जत्रांत आणि आठवडी बाजारात गोंदणारे एकाच सुईने दिवसभर गोंदतात. आधीच्या माणसाच्या रक्तात हिपॅटायटिस बी असेल तर तो पुढच्याला लागू शकतो. गोंदण वाईट आहे असे मी म्हणत नाही; माझ्या आजीच्या हातावर होते. सुई नवीन आहे का, एवढे विचारा. आणि भोंगऱ्या बाजारात गोंदले असेल तर पावसाळ्यातल्या शिबिरात मागच्या बाकावर बसून चहा घ्या, पुढच्या वर्षी या. मलेरिया होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे. बाकी वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवे, यात आपल्या बहिणी पुष्कळ मागे पडतात, पण तो वेगळ्या पाठाचा विषय आहे.

एक भीती मात्र काढून टाका. रक्त दिल्याने कोणताही आजार लागत नाही. दात्याची सुई नवीन असते, पिशवीलाच जोडलेली असते आणि पिशवीबरोबरच जाते.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीचे शिबिर. उपासना झाल्यावर चर्चच्या पडवीत रक्त घेतले. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्या फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला. तेव्हा मला ती मदत वाटली. दहा-बारा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला: अमुक दात्याला भेटायला पाठवा. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही, सांगायलाही नको होते. पाड्यावर जायला मला जमत नव्हते, म्हणून मी त्याच्या मामेभावाजवळ निरोप दिला. निरोप एवढाच द्यायचा होता की रक्तपेढीत जाऊन ये. मी त्याला जोडून म्हणाले, “रक्तात काहीतरी निघालं वाटतं.”

तीन दिवसांत पाड्यावर, आठ दिवसांत बाजारात. मुलाचे लग्न ठरले होते, देजाची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की आता थांबा.

तो भाड्याचे पैसे जमवून पंधरा दिवसांनी गेला. मी बरोबर गेले. समुपदेशकाने त्याला एकट्याला आत घेतले आणि नंतर त्याने स्वतः मला सांगितले. रक्तपेढीच्या चाचणीत एचआयव्ही ‘रिॲक्टिव्ह’ आले होते. रिॲक्टिव्ह म्हणजे आजार आहे असे नव्हे. पक्के करण्यासाठी त्याला एकात्मिक सल्ला व चाचणी केंद्रात पाठवले. तिथे पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर पाहतात, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. याची पहिलीच निगेटिव्ह आली. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावले, पुन्हा निगेटिव्ह. त्याला काहीही झालेले नव्हते.

असे का होते, हे मंडळातल्या प्रत्येकाला समजले पाहिजे. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम फार संशयी ठेवलेली असते, रानातल्या झोपडीवरच्या कुत्र्यासारखी. चोर सुटू नये म्हणून ते पाहुण्यावरही भुंकते. हिशोब करून पाहा. समजा १०,००० दाते आहेत आणि त्यांत २० जणांना खरोखर विषाणूची लागण आहे. चाचणीने ते सगळे २० पकडले. उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांत ती हजारी फक्त पाच वेळा चुकली, तरी जवळजवळ ५० निरोगी माणसे रिॲक्टिव्ह निघतील. म्हणजे बोलावलेल्या ७० पैकी ५० जणांना काहीच झालेले नाही. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रीत अशीच आहे. पिशवीसाठी एवढा संशय योग्यच, कारण पिशवी फेकून देता येते. माणसाच्या बाबतीत मात्र तो संशय पक्की चाचणी होईपर्यंत बंद खोलीतच राहिला पाहिजे.

आणि खरोखर लागण निघालीच तर? एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, ती नियमित घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो. हिपॅटायटिस बी आणि सी यांचा उपचारही २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. सी तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. बीसाठी लस आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो. घरी बाळंतपण झाले की तो हुकतो, म्हणून दाईला आणि आशाताईला हे पुन्हा पुन्हा सांगा. एचआयव्ही असलेल्या माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे आणि त्याला भेदभावाने वागवणे यांना २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. मी पाड्यावर जो निरोप पाठवला तो कागदावर गुन्हा ठरेल की नाही ते वकील सांगतील. त्या मुलाचे नुकसान त्यावर अवलंबून नव्हते.

आता आमच्या शिबिरात फोनचा रकाना दात्याने स्वतः भरायचा असतो. मोबाइल नसेल तर त्याने कोणाचा नंबर द्यायचा हे तो ठरवतो, आणि निरोप काय असेल ते आधीच सांगून ठेवतो: “रक्तपेढीत एकदा जाऊन या.” यापुढे एक शब्द नाही. तसा फोन आला तर आम्ही निरोप माणसाच्या हाती पाठवत नाही, स्वतः जातो. शिबिराआधी सर्वांना सांगतो की बोलावणे अनेक कारणांनी येते, रक्तगट पुन्हा पाहायचा असला तरी येते. कार्यकर्त्यांनी फॉर्म घरी नेऊ नयेत, फोटोही काढू नयेत.

त्या आईला मी नंतर भेटले आणि जमेल तेवढे सांगितले. तिला अक्षर येत नाही, पण लेबलाचे रंग तिला पाठ झाले आहेत: ओ गटाला निळे, ए ला पिवळे, बी ला गुलाबी, एबी ला पांढरे. तिचा मुलगा बी गटाचा. पिशवी आली की ती आधी रंग पाहते, मग नर्सला विचारते, “तपासणीचं लिहिलंय का यावर? तारीख वाचून दाखवा.” एकदा नर्स वैतागली. दुसऱ्या वेळी तिने न विचारता वाचून दाखवले.

तो तरुण या वर्षीच्या शिबिराला आला नाही. मीही बोलवायला गेले नाही. त्याचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. त्याच्या आईला मात्र मी जाऊन भेटले आणि चूक कोणाची होती ते तिच्या अंगणात, शेजारणी ऐकत असताना सांगितले.